इन्स्टॉलर पेनड्राइव्ह: कशाला हात लावायचा आणि कशाला नाही

"आयएसओ फाइल उघडली, हवं ते बदललं, परत आयएसओ केली, पेनड्राइव्हवर लिहिली. आता मशीनच्या बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसतच नाही." हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवते. वैताग याचा येतो की एररसुद्धा मिळत नाही. फर्मवेअर (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारं, आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) मुकाट पुढे निघून जातं. पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर उघडून बघावा तर सगळ्या फाइल्स जागच्या जागी.

मूळ घोटाळा असा, की आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, आणि आपण त्याला झिप समजतो. झिपमध्ये फाइल्स असतात आणि फाइल्सच असतात. आयएसओमध्ये मात्र बूट होण्यासाठी लागणारा सगळ्यात महत्त्वाचा भाग फाइल्सच्या बाहेर असतो. तुम्ही आयएसओ माउंट करून फोल्डर कॉपी केलंत, की तो भाग मागेच राहतो.

नेमकं काय मागे राहतं? आयएसओ ९६६० या रचनेत सुरुवातीचे १६ सेक्टर मुद्दाम मोकळे सोडलेले आहेत. प्रत्येकी २,०४८ बाइट, म्हणजे एकूण ३२ केबी. सीडीच्या दृष्टीने ती जागा रिकामी. पण तोच आयएसओ पेनड्राइव्हवर जसाच्या तसा लिहिला, की मशीनला तो हार्डडिस्कसारखा दिसतो, आणि हार्डडिस्क वाचताना पहिली नजर नेमकी तिथेच जाते. त्यामुळे आजचे लिनक्सचे आयएसओ बनवणारे त्या ३२ केबीत एमबीआर (डिस्कचा पहिला, बूटचा सेक्टर) आणि जीपीटीचं पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत याची यादी) बसवतात. दुसरी गोष्ट म्हणजे एल टोरिटो. सीडीवरून बूट कसं करायचं हे सांगणारी ही १९९५ सालची रचना. शून्यापासून मोजलं तर १७व्या सेक्टरमध्ये एक नोंद असते, ती एका बूट कॅटलॉगकडे बोट दाखवते, आणि कॅटलॉगमध्ये बायॉस या जुन्या फर्मवेअरसाठी वेगळी, यूईएफआय या नव्या फर्मवेअरसाठी वेगळी ओळ असते. यूईएफआयची ओळ फॅट ही फाइल सिस्टिम असलेल्या एका छोट्या इमेजकडे नेते.

म्हणजे एकाच घराला दोन दारं. सीडीवरून, व्हर्च्युअल मशीनच्या खोट्या सीडीवरून किंवा सर्व्हरच्या रिमोट कन्सोलमधून आयएसओ जोडला, तर फर्मवेअर एल टोरिटोच्या दाराने आत येतं. पेनड्राइव्ह लावला, तर पार्टिशन टेबलच्या दाराने. एका दाराने चाललं म्हणजे दुसऱ्या दाराने चालेल असं नाही, हे पुढे चाचणीच्या वेळी कामाला येईल.

आत आल्यावर यूईएफआय काय शोधतं हे मात्र अगदी सरळ आहे. जुनं बायॉस पहिल्या ५१२ बाइटमधला कोड डोळे मिटून चालवायचं. यूईएफआय तसं करत नाही. ते फॅट पार्टिशन शोधतं, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात बूट नावाचं फोल्डर, आणि त्यात बूटएक्स६४ डॉट ईएफआय ही फाइल. एआरएमच्या ६४-बिट मशीनवर तीच फाइल बूटएए६४ या नावाने. काही जुन्या स्वस्त टॅब्लेटांत प्रोसेसर ६४-बिट पण फर्मवेअर ३२-बिट असतं, तिथे बूटआयए३२ लागते. एवढंच. म्हणूनच फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर नुसत्या फाइल्स ओढून टाकल्या तरी कित्येकदा यूईएफआय मशीन बूट होतं, आणि लोकांचा "आयएसओ म्हणजे झिप" हा समज अजून पक्का होतो.

आता माझी पद्धत. मी आयएसओ उलगडून परत बांधत नाही. झोरिसो नावाचं कमांड लाइनचं टूल आहे, त्याला मूळ आयएसओ "इनडेव्ह" म्हणून द्यायचा, नवी फाइल "आउटडेव्ह" म्हणून, ज्या दोनतीन फाइल्स बदलायच्या किंवा घालायच्या त्या "मॅप"ने जोडायच्या, आणि शेवटी "बूट इमेज एनी रिप्ले" असं सांगायचं. रिप्ले म्हणजे मूळ आयएसओत बूटची जी मांडणी होती ती जशीच्या तशी नव्यात उभी कर. सगळा खटाटोप एका कमांडमध्ये आटोपतो.

ज्यांना आत काय चाललंय ते बघायचंय, त्यांनी त्याच टूलला मूळ आयएसओचा एल टोरिटो अहवाल "अ‍ॅज एमकेआयएसओएफएस" या रूपात मागावा. हा आयएसओ नव्याने बांधायचा तर कोणते पर्याय द्यावे लागतील याची यादीच ते छापून देतं. एकदा शांतपणे ओळीने वाचण्यासारखी आहे. पहिल्या १६ सेक्टरांचा तुकडा मूळ फाइलमधून उचलायची सूचना त्यात दिसते (म्हणून मूळ आयएसओ त्या जागेवरून हलवायचा नाही), शेवटी जोडलेलं यूईएफआयचं पार्टिशन दिसतं, आणि त्याचा एक लांबलचक आकडा. हा आकडा बघून बरेच जण दचकतात. ईएफआय सिस्टिम पार्टिशनचा ठरलेला जीयूआयडी (प्रकार सांगणारा ओळखक्रमांक) सी१२ए७३२८ असा सुरू होतो, आणि अहवालात असतं २८७३२एसी१. बिघाड वगैरे काही नाही. जीयूआयडी डिस्कवर लिहिताना त्याच्या पहिल्या तीन गटांतले बाइट उलट्या क्रमाने लिहितात, आणि इथे तो डिस्कवर आहे तसा छापलाय. सी१, २ए, ७३, २८ हे उलटे वाचा, जुळेल. "दुरुस्त" करायला जाऊ नका. केलंत तर पार्टिशनचा प्रकार फर्मवेअरला ओळखीचा राहणार नाही.

आता सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासल्याशिवाय लोडर चालू न देणारी फर्मवेअरची सोय. इथे माझं मत जरा कडक आहे. या विषयावरच्या निम्म्याअधिक लेखांची पहिली पायरी असते, "आधी सिक्युअर बूट बंद करा." स्वतःच्या टेबलावरच्या मशीनवर काय करायचं ते करा. पण पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या मशीनसाठी बनवत असाल, तर ते बंद केलेलं परत कोणीही चालू करत नाही. शिवाय त्याची गरजही नसते, जर कुठे हात लावायचा हे नीट ठरवलं तर.

साखळी अशी आहे. फर्मवेअरकडे मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेटं असतात. त्यावर तपासला जातो शिम, हा लिनक्सवाल्यांचा छोटासा पहिला लोडर, ज्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. शिमच्या पोटात त्या त्या डिस्ट्रोचं (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकाराचं) सर्टिफिकेट असतं, त्यावर तो ग्रब, म्हणजे मेनू दाखवणारा पुढचा लोडर, तपासतो. ग्रब कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तपासून घेतो. आणि मग? मग तपासणी संपते. ग्रबची कॉन्फिगरेशन फाइल कोणी तपासत नाही. कर्नलला दिलेले पर्याय कोणी तपासत नाही. इनिटआरडी (कर्नलसोबत भरली जाणारी सुरुवातीची छोटी सिस्टिम), स्क्वॉशएफएस (दाबून भरलेली फाइल सिस्टिम), उत्तरांची फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं), कशावरच सही नसते. सुरक्षेच्या दृष्टीने ही उणीवच आहे, आणि कर्नल व इनिटआरडी एकत्र बांधून दोन्हींवर सही करायचे प्रयत्न चालू आहेत. पण आज आपल्याला बदलायला जेवढी मोकळी जागा आहे, ती नेमकी हीच. सही असलेल्या तीन फाइल्सना बोट लावायचं नाही, बाकी सगळं आपलं.

बरेच जण इथेच फसतात, कारण त्यांना वाटतं आपला वेगळा मेनू हवा तर ग्रब आपणच बांधावा. बांधता येतो, अगदी सहज. पण तुम्ही बांधलेल्या ग्रबवर कोणाचीही सही नाही, आणि शिम त्याला दारातूनच परत पाठवतो. मेनूसाठी ग्रब बांधायचा नसतो, त्याची कॉन्फिगरेशन फाइल बदलायची असते. फक्त सही केलेला ग्रब ती फाइल कुठे शोधतो ते आधी बघा. तो मार्ग त्याच्या आतच कोरलेला असतो आणि डिस्ट्रोप्रमाणे बदलतो. शिवाय सिक्युअर बूट चालू असताना बाहेरचे मॉड्यूल तो भरत नाही, तेव्हा रंगीबेरंगी थीमचा हट्ट सोडा.

आणि मूळ आयएसओ ताजा घ्या. २०२० साली ग्रबमध्ये बूटहोल नावाचं भगदाड सापडलं. त्यानंतर प्रत्येक जुनी फाइल एकेक करून बाद करत बसण्यापेक्षा पिढ्यांचे क्रमांक लावायची पद्धत आली, तिला एसबॅट म्हणतात. ठरावीक पिढीच्या खालचं काहीही चालवू नकोस, एवढं मशीनला सांगून ठेवलेलं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटने ही मर्यादा वर सरकवली आणि कित्येकांचे चालते लिनक्स आणि जपून ठेवलेले पेनड्राइव्ह एका रात्रीत "व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड" म्हणून बसले. पेनड्राइव्ह खराब नव्हते, जुने होते. पुढचा बदलही दारात उभा आहे: मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या सर्टिफिकेटांची मुदत २०२६ मध्ये संपते आणि त्यांची जागा २०२३ची घेतात. मुदत संपली म्हणून आधी सही केलेलं लगेच बंद पडणार नाही. पण फक्त नव्या सर्टिफिकेटाने सही केलेला शिम, ते सर्टिफिकेट न मिळालेल्या जुन्या मशीनवर चालणार नाही. एकच पेनड्राइव्ह सगळीकडे नेणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आता खरं काम: इन्स्टॉलरने प्रश्न न विचारता काम उरकावं. डेबियनला प्रीसीड, फेडोरा-रेड हॅटला किकस्टार्ट, उबुंटूला ऑटोइन्स्टॉल, विंडोजला ऑटोअनअटेंड. नावं वेगळी, कल्पना एकच, उत्तरं आधीच लिहून ठेवायची. मी इथे उबुंटूचंच सांगते, कारण त्यातली एक खोड बघण्यासारखी आहे.

आयएसओमध्ये एक फोल्डर घालायचं, त्यात यूझर-डेटा ही फाइल, आणि शेजारी मेटा-डेटा ही फाइल. दुसरी पूर्ण रिकामी असली तरी चालते, पण असावी लागते. यूझर-डेटाची पहिली ओळ हॅश-चिन्ह आणि क्लाउड-कॉन्फिग, तीही हवीच. मग ग्रबच्या मेनूत कर्नलच्या ओळीत लिहायचं ऑटोइन्स्टॉल, आणि पुढे डीएस बरोबर नोक्लाउड, सेमीकोलन, एस बरोबर फोल्डरचा मार्ग, शेवटच्या स्लॅशसकट. सगळं बरोबर लिहून इन्स्टॉलर सुरू करा. तो शांतपणे भाषा विचारतो. जणू काही तुम्ही फाइल घातलीच नाही.

अशा वेळी यूझर-डेटातली स्पेस मोजत बसण्याआधी एक करा. इन्स्टॉलरमधूनच शेल उघडा आणि प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल वाचा. ओळ नोक्लाउडपाशी तुटलेली दिसेल. सेमीकोलन नाही, मार्ग नाही, पुढचं काहीच नाही. ग्रबच्या भाषेत सेमीकोलन म्हणजे "कमांड संपली". त्यामुळे पुढचा भाग कर्नलपर्यंत पोचलाच नाही, ग्रबने ती वेगळी कमांड समजली. सेमीकोलनच्या आधी एक बॅकस्लॅश द्या किंवा सगळा तुकडा अवतरणचिन्हांत घाला, काम झालं. कर्नलच्या ओळीत बदल केला की ही सीएमडीलाइन फाइल बघायची सवय लावून घ्या. तुम्ही काय लिहिलंत आणि कर्नलला काय मिळालं, यातला फरक दुसरीकडे कुठेच इतका उघडा दिसत नाही.

ऑटोइन्स्टॉल हा शब्द कर्नलच्या ओळीत नसेल पण फाइल सापडली, तर उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर डिस्क पुसण्याआधी एकदा विचारतो. शब्द असेल तर विचारत नाही. सोय आहे आणि धोकाही. असा पेनड्राइव्ह चुकून लावलेला राहिला आणि मशीन रीस्टार्ट झालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून माझ्या मेनूत पहिली ओळ कायम "या मशीनवरची सिस्टिम सुरू करा" अशी असते, पुसून टाकणारी ओळ खाली, आणि ती माणसाने बाण दाबून निवडल्याशिवाय चालत नाही. पूर्ण ऑटोमॅटिक हवं म्हणणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. एक बटण दाबायला कोणाचं काय जातं?

आणखी एक, पासवर्डचा हॅश त्या फाइलमध्ये उघडाच असतो. पेनड्राइव्ह हातात आला त्याला तो वाचता येतो. तिथे तात्पुरता पासवर्ड ठेवा आणि पहिल्या लॉगिनला बदलायला लावा.

जास्तीची पॅकेजेस घालायची तर लोक स्क्वॉशएफएस उलगडून त्यात शिरतात. मी ते टाळते. उबुंटू सर्व्हरमध्ये एकावर एक असे अनेक थर असतात, त्यातला कोणता बदलायचा इथपासून डोक्याला ताप. त्यापेक्षा इन्स्टॉल संपताना चालणाऱ्या कमांड्समध्ये पॅकेजेस बसवा. नेट नसेल तर ती आयएसओमध्येच एका फोल्डरात ठेवा. पुढची आवृत्ती आली की फक्त मूळ आयएसओ बदलायचा.

फेडोराच्या बाजूला वेगळाच खोडा आहे, लेबलचा. इन्स्टॉलर स्वतःचा उरलेला भाग पेनड्राइव्हच्या लेबलवरून शोधतो, आणि ते लेबल कर्नलच्या ओळीत लिहिलेलं असतं. आयएसओचं लेबल ३२ अक्षरांचं असू शकतं, फॅटचं फक्त ११. फाइल्स ओढून फॅट३२वर टाकल्या की लेबल कापलं जातं, कर्नल सुरू होतो, बराच वेळ वाट बघतो आणि ड्रॅकटच्या (इनिटआरडी बनवणाऱ्या टूलच्या) आपत्कालीन शेलमध्ये नेऊन सोडतो. किकस्टार्ट घालायला तिथे एमकेकेएसआयएसओ हे तयार टूल आहे, तेच वापरा.

विंडोजचा मामला पूर्ण निराळा. तिचा आयएसओ हायब्रिड नसतो, त्या ३२ केबीत पार्टिशन टेबल नसतं. त्यामुळे लिनक्ससारखा जसाच्या तसा पेनड्राइव्हवर लिहून उपयोग नाही, तिथे फाइल्स कॉपी करणं हाच मार्ग. आणि तिथे आडवी येते फॅट३२ची ४ जीबीची मर्यादा. इन्स्टॉल डॉट विम ही विंडोजची मुख्य फाइल हल्ली त्यापुढे जाते. एनटीएफएस वाचणं यूईएफआयला बंधनकारक नाही, त्यामुळे त्यावर भिस्त नको. मी डिझम या विंडोजच्याच टूलने ती फाइल ३,८०० एमबीच्या तुकड्यांत फोडते. एसडब्ल्यूएम नावाचे तुकडे सोर्सेस फोल्डरात असले की सेटअप ते आपोआप ओळखतो. उत्तरांची फाइल पेनड्राइव्हच्या मुळाशी. डिस्क दिसत नाही ही तक्रार असेल तर बहुतेकदा स्टोरेजचा ड्रायव्हर हवा असतो, विशेषतः इंटेलच्या नव्या लॅपटॉपांवर व्हीएमडी (इंटेलची स्टोरेज सांभाळायची सोय) चालू असेल तर. तो बूट डॉट विममध्ये (सेटअप ज्यातून सुरू होतो त्या फाइलमध्ये) घालायचा. त्या फाइलमध्ये दोन इमेज असतात आणि सेटअप चालतो दुसरीतून. पहिल्या इमेजमध्ये ड्रायव्हर घालून "घातला तरी दिसत नाही" म्हणणारे कमी नाहीत. मी तो इन्स्टॉल डॉट विममध्येही घालते. पण फोडण्याआधी, कारण फोडलेल्या फाइलमध्ये बदल करता येत नाहीत.

चाचणी. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनमध्ये आयएसओ चालला म्हणून खूश होऊ नका. वेगळं काही सांगितलं नाही तर ते जुन्या बायॉसनेच बूट करतं, यूईएफआयबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ओव्हीएमएफ हे यूईएफआय फर्मवेअर जोडून चालवा, आणि दोनदा चालवा. एकदा आयएसओ सीडी म्हणून, एकदा तीच फाइल यूएसबी स्टोरेज म्हणून. दोन दारं, दोन चाचण्या. मग मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीच भरलेली ओव्हीएमएफची व्हेरिएबल्स फाइल घेऊन सिक्युअर बूटसह परत तेच. डेबियनच्या पॅकेजमध्ये ती तयार मिळते. या सगळ्यातून पार झालेला आयएसओच मी खऱ्या मशीनला लावते. खऱ्या मशीनवर एवढं करून पेनड्राइव्ह दिसला नाही, तर आधी फर्मवेअरच्या सेटिंगमधलं फास्ट बूट बंद करून बघते. काही मशीन वेळ वाचवण्याच्या नादात यूएसबी तपासतच नाहीत.

"एवढं कशाला, व्हेंटॉय वापर की," असं कोणीतरी म्हणणारच. वापरते. माझ्या स्वतःच्या पिशवीतल्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉयच आहे, दहा आयएसओ टाका, मेनूतून निवडा, झकास. उत्तरांची फाइलही जोडता येते. पण सिक्युअर बूट चालू असेल तर प्रत्येक नव्या मशीनवर पहिल्यांदा किल्ली मंजूर करून घेणारा निळा पडदा येतो आणि व्हेंटॉयची किल्ली भरून घ्यावी लागते. मी समोर असले तर ठीक. पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती द्यायचा असेल, तर तो निळा पडदा फोनवर समजावून सांगण्यापेक्षा मी झोरिसोचीच कमांड चालवते.